घरात मशीन पडून आहे म्हणून वडिलांना रात्री ऑक्सिजन लावायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६८ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकलाय, इकोमध्ये पंपिंग ४० टक्के आलंय. ऑक्सिमीटरवर ९५-९६ दाखवतं. जिना चढला की दम लागतो, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं म्हणतात. २०२१ ला कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेलं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) माळ्यावर पडून आहे, ते रात्री मिनिटाला दोन-तीन लिटरवर लावलं तर हार्टला आराम मिळेल का? आणि कुणीतरी सांगितलं की ऑक्सिजनने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, तर मग सोबत अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल द्यायच्या का?

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर तुम्ही उद्या दुसऱ्या कुणाला विचाराल आणि तो हो म्हणेल, म्हणून बसून सगळं लिहितो, लांबेल, पण वडिलांचा विषय आहे तर पूर्ण वाचा.

मी फिजिशियन आहे, २६ वर्षं आयसीयू सांभाळतोय, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मी स्वतः छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक पेशंटला आधी मास्क लावायचो. आम्हाला तसंच शिकवलेलं, 'मोना' म्हणून पाठच करून घेतलेलं, मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ॲस्पिरिन. ऑक्सिजनने छातीत दुखणं थांबलं असा रिपोर्ट ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९०० सालीच छापून आलेला, आणि हार्टला ऑक्सिजन कमी पडतोय तर ऑक्सिजन द्या, यात चुकण्यासारखं काय आहे असं सगळ्यांनाच वाटायचं. नातेवाईकांनाही बरं वाटायचं, मास्क दिसला की ट्रीटमेंट सुरू झाली असं वाटतं. आजही मी कधी लावत नाही तेव्हा बाहेर कुणीतरी म्हणतंच की साधा ऑक्सिजन पण लावला नाही. राग येत नाही त्याचा, कारण मीही तसाच विचार करायचो.

आता मूळ गोष्ट समजून घ्या, इथेच सगळं आहे. रक्तातला जवळपास सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून जातो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. म्हणजे हिमोग्लोबिन १४ असेल आणि सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, ९५ असेल तर १०० मिली रक्तात साधारण १७.८ मिली ऑक्सिजन आहे. तुम्ही मशीन लावून ते ९९ केलं तर १८.६ होईल, म्हणजे रात्रभर मशीन चालवून मिळालं किती तर पाऊण मिली. आणि तेसुद्धा हार्टच्या स्नायूपर्यंत पोचायला नळीतून रक्त तर जायला पाहिजे ना. बाकी शरीर रक्तातला साधारण पाव भाग ऑक्सिजन काढून घेतं, हार्ट मात्र आरामात बसलेलं असतानाही ७० टक्क्यांच्या वर काढून घेतं, त्यामुळे त्याला जास्त लागला तर जास्त रक्त यावं लागतं, दुसरा मार्ग नाही. शेतावरची माणसं हे लगेच समजतात, चारी तुंबलीय आणि शेवटच्या वावराला पाणी पोचत नाही तर धरणाची पातळी ९५ टक्क्यांवरून ९९ करून काय होणार, चारी मोकळी करावी लागते. तुमच्या वडिलांची चारी स्टेंट टाकून मोकळी केलीय. ते काम झालंय.

पण नुसता फायदा होत नाही एवढंच असतं तरी मी म्हटलं असतं की लावा, मनाला बरं वाटेल. प्रॉब्लेम असा की गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की हार्टच्या नळ्या आकसतात. हे मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. २००५ साली हार्टच्या पेशंटवर अँजिओग्राफीच्या टेबलावरच मोजून बघितलेलं, १५ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला तर नळ्यांमधला विरोध साधारण ४० टक्क्यांनी वाढला आणि रक्ताचा प्रवाह साधारण ३० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे रक्तात ऑक्सिजन थोडासा वाढला आणि रक्तच एवढं कमी झालं, हिशोब उलटा. तो शुद्ध ऑक्सिजन होता, घरच्या मशीनवर दोन लिटरला एवढं होणार नाही हेही खरं, पण दिशा तीच आहे.

हे का होतं, तर इथे तुमचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांचं अर्धं बरोबर आहे. पेशीत ऑक्सिजन वापरून एनर्जी तयार होते, चूल पेटली की थोड्या ठिणग्या उडणारच तसे तिथे थोडे अर्धवट जळलेले ऑक्सिजनचे कण सुटतात, सुपरऑक्साइड त्यातलाच एक. शरीरात ते विझवायची सोय आहे, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन अशी सगळी टीम कायम काम करत असते. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. साखर, बीपी, विडी-तंबाखू असलेल्या माणसात नळीच्या आतल्या अस्तरात या ठिणग्या आधीच जास्त उडत असतात, आणि तिथलं कोलेस्टेरॉल जुनं खोबरं खवट व्हावं तसं खवट होतं, पांढऱ्या पेशी ते खाऊन तिथेच फुगून बसतात आणि ब्लॉकेज तयार होतं.

आता हेच नळीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडत असतं, अगदी थोडा, पण त्याच्यामुळेच नळी सैल राहते. सुपरऑक्साइड वाढलं की ते या नायट्रिक ऑक्साइडला पकडून संपवून टाकतं, नळी आकसते. हेच एकमेव कारण नाही, पण मोठं कारण आहे. तुम्ही वडिलांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली असेल, जिभेखाली ठेवायची, ती शरीरात जाऊन हाच नायट्रिक ऑक्साइड देते. म्हणजे एका हाताने सॉर्बिट्रेट देऊन नळी सैल करायची आणि दुसऱ्या हाताने गरज नसताना भरपूर ऑक्सिजन देऊन तीच आकसवायची, हे आम्ही डॉक्टर लोकांनी वर्षानुवर्षं केलंय.

यातलाच आणखी एक मुद्दा, अटॅकमध्ये बंद पडलेली नळी फुग्याने उघडतात तेव्हा उपाशी राहिलेल्या स्नायूत एकदम ऑक्सिजनवालं रक्त घुसतं आणि त्या पहिल्या काही मिनिटांत ठिणग्यांचा भडका उडतो, कोरड्या चारीत एकदम पाणी सोडलं की बांध फुटतो तसं, थोडा स्नायू त्यात जातो. म्हणून नळी उघडायची नाही असं अजिबात नाही, उघडायचीच आणि जितकी लवकर तितकी चांगली, पण त्या क्षणी वरून आणखी जास्तीचा ऑक्सिजन कशाला ओतायचा हा विचार तिथून सुरू झाला.

थिअरी पुष्कळ झाली, पेशंटवर काय दिसलं ते महत्त्वाचं. १९७६ साली ब्रिटनमध्ये अटॅकच्या पेशंटमध्ये अर्ध्यांना ऑक्सिजन आणि अर्ध्यांना साधी हवा देऊन बघितलं, ऑक्सिजनवाल्या ८० मध्ये ९ गेले आणि हवेवाल्या ७७ मध्ये ३. आकडे लहान होते, योगायोगही असू शकतो असं म्हणून ते मागे पडलं आणि पुढे जवळपास ४० वर्षं आम्ही मास्क लावतच राहिलो. मला ही गोष्ट अजून लागते, कुणीतरी विचारलेलं होतं आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही. मग २०१५ ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोठ्या अटॅकच्या ४४१ पेशंटवर काम झालं, ८ लिटर ऑक्सिजन विरुद्ध काहीच नाही. ऑक्सिजनवाल्यांमध्ये हॉस्पिटलमध्ये असतानाच परत अटॅक ५.५ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ०.९ टक्के, आणि सहा महिन्यांनी एमआरआयवर हार्टवरचा व्रण साधारण २० ग्रॅम विरुद्ध १३ ग्रॅम.

एवढं वाचून ऑक्सिजन म्हणजे विषच असं कुणी म्हणेल, तेही बरोबर नाही. २०१७ ला स्वीडनमध्ये ६६२९ पेशंटवर खूप मोठा अभ्यास आला, ज्यांचं सॅच्युरेशन ९० किंवा वर आहे असेच पेशंट घेतलेले, अर्ध्यांना ६ लिटर ऑक्सिजन ६ ते १२ तास, अर्धे साध्या हवेवर. वर्षभरात मृत्यू ५.० टक्के आणि ५.१ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही, फायदा नाही आणि ठळक नुकसानही नाही. माझं स्वतःचं मत असं की एवढ्या मोठ्या अभ्यासानंतर मृत्यू वाढतात असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण फायदा होतो असं तर कुणालाच म्हणता येत नाही, आणि फायदा नसलेलं औषध आपण देत नाही. त्याच अभ्यासातलं एक आणखी सांगतो, साध्या हवेवर ठेवलेल्यांपैकी साधारण ८ टक्के लोकांचं सॅच्युरेशन पुढे खाली गेलं, म्हणून ऑक्सिजन न लावणं म्हणजे लक्ष न देणं नव्हे, बोटाला प्रोब लावून बघत राहायचं. तेव्हापासून युरोपातल्या आणि पुढे अमेरिकेतल्या गाईडलाइनमध्येही हेच आहे, अटॅकमध्ये सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन द्या, ९० किंवा वर असेल तर सरसकट देऊ नका.

९० च्या खाली गेलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही. फुफ्फुसात पाणी भरलेला हार्ट फेल्युअरचा पेशंट, न्यूमोनिया, शॉक म्हणजे बीपी एकदम कोसळलेला पेशंट, तिथे ऑक्सिजन जीव वाचवतो. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये एकेका सिलेंडरसाठी रात्रभर फोन केलेत, सॅच्युरेशन ७० वर आलेली माणसं डोळ्यासमोर आहेत, ऑक्सिजन वाईट असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. ऑक्सिजन औषध आहे, त्याला डोस आहे, एवढंच म्हणतोय. कमी दिवसांच्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं उदाहरण बघा, १९४० च्या दशकात त्यांना भरपूर ऑक्सिजन द्यायचे आणि हजारो मुलांची नजर गेली, मग कारण सापडलं आणि आज बाळांना मोजून ऑक्सिजन देतात.

घरच्या मशीनचं एक खास सांगतो कारण माझ्यासमोर झालंय. दोन वर्षांपूर्वी एका आजोबांना सकाळी आणलं, हाका मारून उठत नव्हते. चाळीस वर्षं विडी, फुफ्फुसं खराब, हार्टचंही दुखणं. रात्री सॅच्युरेशन ८९ दिसलं म्हणून मुलाने काळजीपोटी घरचं मशीन ५ लिटरवर लावलं, ९८ झालं, सगळे निवांत झोपले. अशा फुफ्फुसवाल्यांमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो ऑक्सिमीटरवर दिसतच नाही, माणूस हळूहळू गुंगीत जातो. त्यांचं टार्गेट ८८ ते ९२ असतं, ९८ नाही. दोन दिवस बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनवर ठेवावं लागलं, वाचले. मुलगा कोपऱ्यात उभा राहून रडत होता, त्याने प्रेमानेच केलेलं सगळं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते बटण म्हणजे औषधाचा डोस आहे. तुमच्या वडिलांना विडी, सिगरेट होती का किंवा वर्षानुवर्षं खोकला-कफ आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते नक्की कळवा.

मशीन कुणासाठीही लावलंच तर देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी हे त्या खोलीत नको, नाकाला व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लावून नळी घालायची नाही, भडका उडतो. आणि चार वर्षं माळ्यावर दमट हवेत पडलेलं मशीन शुद्ध ऑक्सिजन देतच असेल असं धरू नका, आतले हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटचे खडे ओलाव्याने खराब होतात, नवीन मशीन ९० टक्क्यांच्या वर देतं, जुनं किती देतंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

चांगलं सॅच्युरेशन असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटना घरी रोज १५ तास ऑक्सिजन देऊन बघण्याचं कामही ब्रिटनमध्ये झालेलं आहे, त्यांच्या जगण्यात काही सुधारणा दिसली नाही आणि बऱ्याच जणांना तेवढे तास नळी लावून बसणंच जमलं नाही. रात्री वडील जोरात घोरतात का, मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का, ते मात्र बघा. तसं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी करायची, त्याचा उपाय वेगळा असतो.

आता कॅप्सूल. ठिणग्यांनी नुकसान होतं तर ठिणग्या विझवणाऱ्या गोळ्या द्या, हे ऐकायला इतकं पटतं की डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं लिहून दिल्या, मीही दिल्यात. मग मोठे अभ्यास आले. २००० साली व्हिटॅमिन ई ४०० युनिट रोज देऊन बघितलं, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २००२ ला ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांपैकी अर्ध्यांना पाच वर्षं व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र दिलं, रक्तात व्हिटॅमिन वाढलेलं दिसलं पण अटॅक, स्ट्रोक, मृत्यू कशातच फरक नाही. व्हिटॅमिन ई जास्त वर्षं चालू ठेवलेल्यांमध्ये हार्ट फेल्युअर थोडं वाढलेलं दिसलं. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला, हे १९९४ ला बाहेर आलं. कारण असं की ठिणग्या सगळ्याच वाईट नसतात, पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात, व्यायाम केल्यावर स्नायू मजबूत होतो तोही या ठिणग्यांचा इशारा मिळूनच. बाहेरून मोठ्या डोसमध्ये गोळी टाकली की ती कुठली ठिणगी विझवायची ते निवडत नाही. आणि तुमचे वडील स्टेंटमुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांवर असणार, त्यात व्हिटॅमिन ई चा मोठा डोस म्हणजे रक्तस्राव व्हायची भीती आणखी वाढते. आवळा, पेरू, लिंबू, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे किंवा जवसाची चटणी हे जेवणातून भरपूर द्या, त्याला कुणी नाही म्हणत नाही. ठिणगी जिथे तयार होते तिथे कमी करणाऱ्या गोष्टी तर त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवरच आहेत, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीच्या गोळ्या, साखरेवर कंट्रोल, आणि तंबाखू-मिश्री असेल तर ती पूर्ण बंद. ओझोन थेरपी किंवा प्रेशरच्या चेंबरमध्ये बसवून ब्लॉकेज विरघळवतो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका, ब्लॉकेज त्याने विरघळत नाही.

मग दम आणि थकवा कशाने? मला वाटतं तुम्ही ऑक्सिजनच्या मागे लागलात आणि हा प्रश्न मागेच राहिला. तुमच्या प्रश्नात सगळे आकडे आहेत, हिमोग्लोबिन नाही. वरचा हिशोब परत बघा, सॅच्युरेशन ९५ चं ९९ केलं तर पाऊण मिली मिळतं, पण हिमोग्लोबिन १० चं १४ झालं तर १०० मिली रक्तामागे पाच मिली ऑक्सिजन जास्त मिळतो. आणि स्टेंटनंतर चार महिन्यांनी, दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसात पोटातून थेंब थेंब रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरणं हे मी दर महिन्याला बघतो. सॅच्युरेशन ९६ च दाखवतं, कारण जेवढं हिमोग्लोबिन उरलंय त्याचे ९६ टक्के भरलेले आहेत, ऑक्सिमीटर किती उरलंय ते सांगत नाही. शौचाला काळं, डांबरासारखं होतंय का ते वडिलांना स्पष्ट विचारा, वडील लोक हे आपणहून सांगत नाहीत, आणि तसं असेल तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

हिमोग्लोबिन नीट असलं तरी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करा, पंपिंग कमी असलेल्यांमध्ये लोह कमी असणं फार सापडतं आणि त्यांच्यात लोहाच्या नुसत्या गोळ्यांनी फारसं होत नाही, शिरेतून दिलं की जिना चढण्यात फरक पडलेला मी बघितलाय. थायरॉइडही त्यातच करून घ्या.

दुसरं, रक्त पातळ करायची दुसरी गोळी कुठली आहे ते बघा. टिकाग्रेलोर असेल तर ती घेणाऱ्या दहा-पंधरा टक्के लोकांना त्या गोळीनेच दम लागतो, हार्ट आणि फुफ्फुस दोन्ही ठीक असताना. सॅच्युरेशन चांगलं आणि बसल्या बसल्या मोठा श्वास घ्यावासा वाटतो, असं पेशंट सांगतात. पण हात जोडून सांगतो, हे वाचून ती गोळी घरच्या घरी बंद करू नका, चार महिन्यांचा स्टेंट आहे, एकदम बंद केली तर स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. तुमच्या कार्डिओलॉजिस्टला दाखवा, बदलायची असेल तर ते दुसरी देऊन बदलतील. मेटोप्रोलोलसारख्या नाडी हळू करणाऱ्या गोळीचा डोस जास्त होऊनही गळून गेल्यासारखं होतं, नाडी ५० च्या आत असेल तर तेही सांगा.

ऑक्सिमीटर बघताना हात गार नसावा, बोटाला नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसावी, पाच मिनिटं शांत बसून मग आकडा स्थिर झाला की वाचायचा. परत परत ९२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली आलं तर हॉस्पिटल, घरचं मशीन फक्त तिथे पोचेपर्यंत. आणि छातीत परत दुखलं, घाम आला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर ऑक्सिमीटर शोधत बसू नका, १०८ ला फोन करा, ईसीजी होणं हे सगळ्यात आधी, तिथे गेलेली दहा मिनिटं कुठलाही ऑक्सिजन भरून देत नाही.

तर आता मला गोळ्यांच्या चिठ्ठीतली नावं, हिमोग्लोबिन, फेरिटिन, शौचाचा रंग आणि विडी-सिगरेटचं एवढं कळवा. पाय सुजतात का आणि रात्री दोन उश्या घेऊन झोपावं लागतं का तेही लिहा. मशीन तोपर्यंत माळ्यावरच राहू द्या.